आपली गाडी, परक्याची काच

आपली वस्तु जपणें हा सद्गुण आहे, याविषयीं आमच्या पिढीला कधीं शंका नव्हती. नव्या सतरंजीवर जुनी चादर घालणाऱ्या आणि पितळेचीं भांडीं चिंचेनें घासून ठेवणाऱ्या घरांत आम्ही वाढलों. परंतु या सद्गुणाची मर्यादा कोठें येते, हा प्रश्न आम्हांस पडला तो अलास्कांत, भाच्याच्या पिकअप गाडींत बसलों असतां.

फेअरबँक्सच्या उत्तरेकडील डाल्टन महामार्ग १९७४ सालीं तेलवाहिनीच्या बांधकामासाठीं काढला. लांबी ४१४ मैल. त्यापैकीं बराच भाग खडीचा. धूळ बसावी म्हणून त्यावर कॅल्शियम क्लोराइड घालतात. तें हवेंतील ओल शोषून माती धरून ठेवतें खरें, पण तीच खारट राड गाडीच्या तळाशीं बसून लोखंड खाते.

गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास भरते. त्यावर घाव घालणारे खडे पुष्कळदां आपल्याच पुढल्या चाकांनीं उडविलेले असतात. टवका पत्र्यापर्यंत पोहोंचला, कीं गंज रंगाखालून पसरूं लागतो. म्हणून टवका त्याच दिवशीं धुऊन, पुसून त्यावर रंग लावणारा मनुष्य शहाणा. भाचा त्याहून शहाणा. त्यानें दोन दिवस खपून दारांच्या खालच्या अंगास व चाकांमागच्या पत्र्यास पॉलियुरेथेनचा पारदर्शक पापुद्रा चिकटविला आणि चारी चाकांमागें रुंद रबरी मडफ्लॅप टांगले. तळाला डांबरी लेप देण्याचें मात्र टाळलें. असा लेप तडकला तर ओल आंत कोंडते आणि वरून सर्व ठीक दिसतें. (कांहीं घराण्यांची अब्रू याच रीतीनें राखलेली असते!)

या तयारीचा आम्हांस अभिमानच वाटला. दुपारीं एका उतारावर समोरून लहान मोटार आली. ताशीं पन्नास मैलांची मर्यादा आम्हीं ओलांडली नव्हती. पण समोरून वाहन येतांना वेग कमी करावा, ही तेथील रीत भाच्यानें पाळली नाहीं. काड्कन आवाज झाला. आरशांत पाहतों तों ती मोटार थांबलेली. आम्हीहि थांबलों, खालीं उतरलों, आणि सांगावयास लाज वाटते, प्रथम वांकून आपलें दार पाहिलें. त्यावर ओरखडाहि नव्हता. त्या मोटारीच्या काचेला मात्र हातभर तडा गेला होता.

भाच्याचें म्हणणें असें कीं, कायदा मोडला नाहीं. खडीच्या रस्त्यावर येणाऱ्यानें काचेची आशा धरूंच नये. युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. तथापि आम्हांस तो पटला नाहीं. चाकानें उडविलेल्या खड्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग निम्मा केला तर ती चौथाईवर येते. म्हणजे दोन्ही गाड्यांना पुरेल असें कवच क्षणभराच्या उशिराच्या मोलानें मिळत होतें. पापुद्र्यानें रक्षण केलें तें फक्त आमचें. आणि तो नसता तर भाच्यानें तेथें वेग आवरला असता, असें आम्हांस वाटतें. आपला पत्रा सोलवटण्याचें भय हेंच आजवर परक्याच्या काचेलाहि राखीत आलें होतें, आणि तें भय आम्हीं दोन दिवस खपून घालविलें होतें.

मग गाडी जपूं नये काय? जपावीच, भाच्याची उपजीविका तिच्यावर आहे. शिवाय मडफ्लॅप आपल्या पत्र्याबरोबर मागून येणाऱ्याची काचहि राखतो. आमची तक्रार आहे ती संरक्षण झाल्यावर मोकळ्या झालेल्या मनाविषयीं.

त्या गृहस्थानें पैसे घेतले नाहींत. या रस्त्यावर असें चालायचेंच, असें म्हणून तो हंसला. शेजारीं बसलेली त्याची पत्नी हंसली नाहीं. पुढें कोल्डफूटपर्यंत समोर वाहन दिसलें कीं भाचा उजवीकडे सरून वेग कमी करीत राहिला. पोहोंचावयास बराच उशीर झाला. पण तेथें ऐन उन्हाळ्यांत रात्रींहि अंधार पडत नाहीं, त्यामुळें तो फारसा जाणवला नाहीं.