शेजाऱ्याचं पाणी

धारवाडहून कलघटगीकडे निघालं की काळी शिवारं मागे पडतात आणि सागवान सुरू होतं. गेल्या रविवारी त्या रानात फिरत होतो. अळीने सागाची पानं अशी खाल्ली होती की शिरांची नुसती जाळी उरली होती. एक पान उन्हाला धरून पाहत होतो, तेवढ्यात गुरं राखणाऱ्या एका अज्जांनी हाक मारली, ‘‘इल्ली नोड्री!’’ इकडे बघा!

करवंदीच्या जाळीत मनगटाएवढ्या जाडीचं चंदन उभं होतं. एखाद्या बुलबुलाने फळ खाऊन बी टाकलं असावं. अज्जांनी काठीच्या टोकाने ओली माती अलगद उकरली. चंदनाचं बारीक मूळ करवंदीच्या मुळापाशी पोचलं होतं आणि जिथे टेकलं तिथे पांढुरकी, डाळीएवढी गाठ होऊन घट्ट चिकटलं होतं. मी ती बोटाने चाचपली. सुटेना.

चंदनाची पानं हिरवी असतात, अन्न ते स्वतः करतं. पाणी आणि क्षार मात्र शेजाऱ्याच्या मुळांतून ओढतं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या जॉन स्कॉट यांनी १८७१ साली हे नोंदवलं. एकटं लावलेलं रोप फार दिवस तग धरत नाही, म्हणून चंदन लावणारे शेतकरी त्याच्या बुडाशी तूर पेरतात.

आणि आपण म्हणतो, चंदनासारखा झिजला! ते खोटं नाही. सहाणेवर खोड खरंच झिजतं. पण ज्या करवंदीने त्याला पाणी पुरवलं, ती सहाणेपर्यंत येत नाही.

माझे वडील हुबळीत शिक्षक होते. निवृत्तीच्या सत्कारात त्यांना मानपत्र मिळालं, त्यात हीच उपमा होती. खेड्यातली दोन-तीन मुलं कायम आमच्या घरी राहून शिकायची, हे त्यात कौतुकाने लिहिलं होतं. त्या मुलांच्या भाकऱ्या आई पहाटे उठून थापायची. फीसाठी तिच्या पाटल्या दोनदा गहाण पडल्या. सत्काराला ती मागच्या रांगेत बसली होती.

धारवाडच्या साधनकेरीत राहणारे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कन्नडमध्ये लिहीत. लहानपणीच त्यांचे वडील गेले, वाढवलं आईने. कवितेखाली ते सही करत ‘अंबिकातनयदत्त’. आधी आईचं नाव, मग स्वतःचं.

वडिलांचं मानपत्र अजून आमच्या भिंतीवर आहे. परवा घरी येऊन ते पुन्हा वाचलं. आईचं नाव त्यात कुठेच नाही.