शोरूमपासून किती दूर?

जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा १९७३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात चालकांसाठी विजेतेपदच नव्हते. गुण मिळत ते मोटार बनवणाऱ्या कंपन्यांना, आणि पहिल्या वर्षीचा मान अल्पाइन-रेनॉ या फ्रेंच जोडनावाने पटकावला. चालकांच्या जागतिक विजेतेपदासाठी १९७९ साल उजाडावे लागले. या क्रमातूनच स्पर्धेची मूळ धारणा दिसते. रॅली ही बंदिस्त ट्रॅकवरची शर्यत नव्हे. ती बर्फ, चिखल, खडी आणि घाटांच्या रस्त्यांवर होते, म्हणजे ज्या रस्त्यांवर गिऱ्हाईक गाडी चालवणार त्यांच्याच अवघड रूपावर. तिथे टिकलेली गाडी विकायला वेगळी जाहिरात लागत नाही, या हिशोबावर कंपन्या येतील असे गृहीत धरले होते.

सुरुवातीला हा हिशोब बरोबर ठरला. केनियातील सफारी रॅली हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. युरोपात फारशा कुणाला माहीत नसलेल्या जपानी कंपन्यांनी तिथे आपल्या गाड्यांचा काटकपणा सिद्ध केला. १९७३ ची सफारी शेखर मेहता यांनी डॅटसन २४० झेड चालवून जिंकली आणि पुढच्याच वर्षी जोगिंदर सिंग यांनी मित्सुबिशी कोल्ट लान्सरवर. पूर्व आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या या दोन चालकांनी जपानी मोटार उद्योगाला जे मिळवून दिले, ते जाहिरातीवर कितीही पैसा ओतून मिळाले नसते.

पण कंपनी विकते ती गाडी आणि रॅलीत धावते ती गाडी यांत नाते किती घट्ट असावे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्याचे उत्तर ‘होमोलोगेशन’ या नियमात असते: अमुक इतक्या गाड्या तयार केल्या तरच ते मॉडेल स्पर्धेला पात्र. हा आकडा वाढवला की नवी कंपनी बिचकते. उतरवला की निव्वळ शर्यतीसाठी घडवलेले यंत्र आत शिरते. गेल्या पन्नास वर्षांतील कंपन्यांची ये-जा बरीचशी या एका आकड्याभोवती समजून घेता येते.

लान्चियाने हे आधी ओळखले. ग्रुप फोर या तेव्हाच्या वर्गाच्या नियमाला काही शे गाड्याच पुरेशा होत्या, म्हणून कंपनीने रॅलीसाठीच आखलेली, फेरारीच्या इंजिनाची स्ट्रॅटोस बनवली आणि १९७४ ते १९७६ सलग तीन विजेतेपदे घेतली. मग जे घडले ते अधिक बोलके आहे. लान्चियाची मालक असलेल्या फियाटने आपले बळ स्ट्रॅटोसमागून काढून १३१ अबार्थमागे लावले. स्ट्रॅटोस मंद झाली होती म्हणून नव्हे, तर बाजारात खपवायची होती ती साधी कौटुंबिक १३१. कंपनी रॅलीत कशासाठी येते याचे इतके उघड उत्तर क्वचितच मिळाले असेल.

१९८२ मध्ये आलेल्या ग्रुप बीने दार सताड उघडले. बारा महिन्यांत २०० गाड्या पुरेशा, आणि सुधारित आवृत्तीसाठी तर केवळ २०. त्याआधीच ऑडीने क्वात्रोमधून चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा रॅलीत आणली होती. १९८१ च्या सानरेमो रॅलीत मिशेल मुटोन जागतिक अजिंक्यपदाची फेरी जिंकणारी पहिली स्त्री ठरली, तीही क्वात्रोवरच. आता प्यूजो, लान्चिया, फोर्ड, एमजी अशा कंपन्या भराभर उतरल्या. प्यूजोचा फायदा सर्वांत मोठा होता. झां तोद यांच्या नेतृत्वाखालच्या संघाने २०५ टी-१६ वर १९८५ आणि १९८६ ची विजेतेपदे घेतली. ही गाडी मधोमध इंजिन असलेले निराळेच यंत्र होते, तरी तिचा चेहरा रस्त्यावरच्या २०५ चा होता, आणि ती साधी २०५ पुढे ५० लाखांहून अधिक खपली. नाते तंत्राचे नसून चेहऱ्याचे असले तरी चालते, हा धडा कंपन्यांनी इथे घेतला.

या सताड उघड्या दाराची किंमत माणसांनी मोजली. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालमध्ये गाडी गर्दीत घुसून प्रेक्षक मृत्युमुखी पडले. २ मे रोजी कोर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांची लान्चिया दरीत कोसळून पेटली आणि दोघेही गेले. तत्कालीन नियामक संस्थेचे अध्यक्ष झां-मारी बालेस्त्र यांनी १९८७ पासून ग्रुप बी बंद केला. तो निर्णय आवश्यकच होता. मात्र एका फटक्यात कंपन्यांची गुंतवणूक निकामी झाली आणि प्यूजोने नियामकांना न्यायालयात खेचले. नियम बदलण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या शब्दावर कंपनी किती वर्षांचा पैसा लावणार, ही शंका तेव्हापासून कायम राहिली.

पुढचा ग्रुप ए मूळ धारणेकडे परतला. आता ५,००० गाड्या हव्या होत्या. चार चाकांची शक्ती आणि टर्बो असलेली, इतक्या संख्येने खपू शकणारी गाडी १९८७ मध्ये जवळजवळ एकट्या लान्चियाकडे होती, म्हणून डेल्टाने १९८७ ते १९९२ सलग सहा विजेतेपदे नेली. युरोपीय कंपन्यांना हा नियम परवडेना. जपानी कंपन्यांना तो मानवला, कारण टोयोटा सेलिका, सुबारू इम्प्रेझा, मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन अशा गाड्या त्यांना खरोखर विकायच्या होत्या. १९९३ मध्ये टोयोटा कंपन्यांचे विजेतेपद घेणारी पहिली जपानी कंपनी ठरली. जिंकलेली गाडी आणि घराच्या दारात उभी गाडी यांतले अंतर या काळात सर्वांत कमी होते. इव्होल्यूशन आणि इम्प्रेझावर आजही जीव टाकणारे चाहते त्याची साक्ष देतात. स्पर्धा म्हणून मात्र दार अरुंद होते.

१९९७ च्या ‘वर्ल्ड रॅली कार’ नियमाने ते विचारपूर्वक रुंद केले. साधी कौटुंबिक गाडी मोठ्या संख्येने बनत असेल, तर तिच्यावर टर्बो आणि चार चाकांची शक्ती स्पर्धेपुरती चढवता येईल. तशी गाडी शोरूममध्ये ठेवण्याची गरज नाही. कंपन्यांना खेचण्यासाठी केलेल्या सर्व प्रयोगांत हा सर्वांत यशस्वी. २००० च्या मोसमात प्यूजो, फोर्ड, सुबारू, मित्सुबिशी, सेआत, स्कोडा आणि ह्युंदाई अशा सात कंपन्या गुण मिळवत होत्या. प्यूजोची २०६ नियमातली किमान चार मीटर लांबीची अट पुरी करत नव्हती, म्हणून लांब बंपरची खास २०६ जीटी काढली गेली आणि तिच्या आधाराने २००० ते २००२ ची तीन विजेतेपदे आली.

येणे सोपे झाले तसे जाणेही. कारखान्यात वेगळे मॉडेल काढलेले नसल्याने अंदाजपत्रकातील एक ओळ खोडली की काम संपे. ह्युंदाई २००३ मध्ये गेली. २००५ अखेर प्यूजो, मित्सुबिशी आणि स्कोडा गेल्या. डिसेंबर २००८ च्या आर्थिक मंदीत सुबारू आणि सुझुकी यांनी लागोपाठ माघार घेतली, आणि उरल्या सित्रोएन व फोर्ड. कारणे रॅलीबाहेरचीच होती. फोक्सवॅगनने २०१३ ते २०१६ सलग चार विजेतेपदे घेतली आणि उत्सर्जन घोटाळ्याच्या ओझ्याखाली, २०१७ च्या नियमांची नवी पोलो तयार असताना, खेळ सोडला. दुसरीकडे २०१७ चे कंपन्यांचे विजेतेपद माल्कम विल्सन यांच्या एम-स्पोर्ट या खासगी संघाने फोर्ड फिएस्टावर जिंकले. कारखान्याचे पूर्ण पाठबळ नसलेला संघ जिंकू शकतो, हे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरच घडले.

तरीही २०२२ चा ‘रॅली१’ नियम जुन्याच वाटेने गेला. विजेवर चालणाऱ्या गाड्यांकडे वळलेल्या कंपन्यांना आवडेल म्हणून १०० किलोवॉटची हायब्रिड यंत्रणा सक्तीची केली. खर्च वाढला, नवी कंपनी एकही आली नाही. टोयोटा, मधल्या काळात परतलेली ह्युंदाई आणि एम-स्पोर्ट-फोर्ड हेच त्रिकूट राहिले. २०२५ पासून हायब्रिड काढून टाकले गेले. कंपन्यांच्या जाहिरात विभागाची पुढची आवड ओळखून नियम बांधायचा, तर तो अमलात येईपर्यंत आवड बदललेली असते.

दरम्यान खालच्या वर्गात निराळी कल्पना रुजली होती. २०१३ च्या आर-५ आणि आताच्या रॅली२ वर्गात गाडीच्या किमतीवर मर्यादा असते आणि कंपनी ती खासगी संघांना विकते. इथे रॅली हा जाहिरातीचा खर्च न राहता विक्रीचा व्यवहार होतो. स्कोडाने जागतिक वर्ग सोडल्यावर फाबियाच्या शेकडो रॅली-गाड्या याच मार्गाने विकल्या. लान्चियाही २०२६ मध्ये इप्सिलॉनसह परतली ती याच दाराने. २०२७ साठी मंजूर झालेले नियम या अनुभवावर उभे आहेत: गाडीची किंमत ३ लाख ४५ हजार युरोंच्या आत, घटक बरेचसे रॅली२ चे, आणि गाडी घडवून उतरवण्याची मुभा मोटार कंपन्यांबरोबरच स्वतंत्र तंत्रसंस्थांनाही.