जाती निसर्गात की नजरेत?

दोन जवळच्या जाती निसर्गातच वेगळ्या असतात, की अभ्यासकाची नजर त्यांना वेगळे करते, हा प्रश्न आमरी, म्हणजेच ऑर्किड, ओळखताना ठळकपणे उभा राहतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर डेंड्रोबियम बार्बाट्युलम आणि डेंड्रोबियम ओव्हॅटम या दोन आमऱ्या झाडांवर वाढतात. दोन्हींची पाने गळतात आणि निष्पर्ण खोडांवर फुले येतात. पहिलीची फुले पांढरी, दुसरीची फिकट पिवळसर. नमुना वाळवून कागदावर चिकटवला की रंगाचा हा पुरावा उरत नाही; मग फुलाच्या ओठाचा, म्हणजे वेगळ्या घडणीच्या पाकळीचा, आकार बारकाईने तपासावा लागतो.

हाच प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानातही आहे. वैशेषिक दर्शनाच्या मते ‘सामान्य’, म्हणजे अनेकांना एका जातीत बांधणारे तत्त्व, हा खरा पदार्थ आहे: एक, नित्य आणि अनेक व्यक्तींत राहणारा. बौद्ध आचार्य दिङ्नागांनी हे नाकारले. शब्द फक्त इतरांना वगळतो, असा त्यांचा अपोहवाद सांगतो. वनस्पती ओळखण्याच्या तक्त्याची रीतही अशीच: प्रत्येक पायरीवर एक गट बाजूला पडतो.

१८५९ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी जाती बदलत जातात हे साधार मांडले आणि सजीवांच्या जातींपुरता वैशेषिकांचा नित्यतेचा दावा टिकला नाही. तरीही त्या दोन आमऱ्यांमधला भेद काल्पनिक ठरत नाही, कारण दोघींचे वंश आपापली लक्षणे पिढ्यानपिढ्या राखतात. जाती वास्तव आहे, पण अनादी नाही. तिची सीमा माणूस आखतो, म्हणून नवा पुरावा मिळताच ती दुरुस्त करणे हीदेखील त्याचीच जबाबदारी आहे.