जुन्या आखाड्यांत नवा गडी

जी विद्या शिकण्याचा काळ लोटून गेला असें सर्वजण म्हणतात, ती आतां शिकूं लागावें कीं नाहीं? सतार, संस्कृत, पोहणें यांपैकीं एखादी गोष्ट प्रौढपणीं आरंभावी असें ज्याच्या मनांत कधीं आलें असेल, त्याला हा प्रश्न परिचयाचाच आहे. परंतु आम्ही तो आज जेथून उचलीत आहों ती जागा पाहून कांहीं वाचक कदाचित् हंसतील. आमच्या आप्तांपैकीं एक बावीस वर्षांचा तरुण मध्यंतरीं आम्हांस म्हणाला, "काका, एक जुना व्हिडिओ गेम शिकावा असें मनांत आहे, पण तो माझ्या जन्माच्या आधींचा. खेळणारे वीस-वीस वर्षें मुरलेले. मीं आतां आरंभ करून काय साधणार?" प्रथम आम्हीं हंसून वेळ मारून नेली. मागाहून विचार करतां असें वाटूं लागलें कीं, त्याच्या प्रश्नांत खेळापेक्षां पुष्कळच अधिक आहे.

त्याच्या मनांतला खेळ म्हणजे 'स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक' हा होय. कॅपकॉम या जपानी कंपनीनें तो १९९९ सालीं, नाणें टाकून चालवावयाच्या यंत्रांसाठीं काढला. पडद्यावर दोन मल्ल समोरासमोर उभे राहतात. प्रत्येकामागें एक खेळाडू, त्याच्या हाताशीं एक दांडी आणि सहा बटणें. निवडावयास एकूण १९ मल्ल. सर्व खेळाचें मूळ तीन गोष्टींत आहे : प्रहार, बचाव आणि पकड. प्रहाराला बचाव थोपवितो. नुसता बचाव करीत बसणाऱ्यास पकड उचलून आपटते. आणि पकडावयास येणाऱ्यास प्रहार वाटेंतच गांठतो. तेव्हां समोरचा यांपैकीं काय करील याचा अंदाज बांधणें हेंच खरें काम. मारामारीचे खेळ मुलांनीं खेळावे कां, असें घरोघरचीं वडील माणसें विचारतात, आणि तो प्रश्न अगदींच गैर नाहीं. परंतु पटावर हत्ती-घोडे मारले जातात म्हणून बुद्धिबळाला कोणी क्रूर म्हणत नाहीं. येथेंही वरवर दिसते ती मारामारी. आंत चालतें तें दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेणें.

या खेळाची एक खुबी सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. बचाव करावयाचा तर दांडी प्रतिपक्ष्यापासून दूर, आपल्या पाठीच्या बाजूस, ओढून धरावी लागते. भ्यालेला मनुष्य स्वभावतःच मागें सरतो, तसेंच हें. पण येथें आणखी एक उपाय आहे; त्यास 'पॅरी' म्हणतात. प्रहार अंगावर येऊन आदळण्याच्या ऐन क्षणीं दांडी मागें न ओढतां प्रहाराच्याच दिशेनें पुढें लोटावी. प्रहार पायांकडे येत असेल तर खालीं. तो क्षण साधला तर अंगाला ओरखडाही येत नाहीं. चुकला तर मार पुरता बसतो; कारण बचाव आपण होऊनच सोडलेला असतो. हा क्षण फार तर सेकंदाच्या सहाव्या हिश्श्याएवढा.

२००४ सालीं अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील पोमोना येथें, 'इव्हो' नांवाच्या स्पर्धेंत जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांची गांठ पडली. उमेहाराच्या 'केन' या मल्लाचे प्राण कंठाशीं आले होते. या खेळांत मोठा प्रहार बचावानें अडविला तरी थोडी शक्ति खर्ची पडतेच. म्हणजे आतां बचाव करणें हेंही मरणच. तें हेरून वाँगनें आपल्या 'चुन-ली'कडून एकामागून एक पंधरा लाथांचा महाप्रहार सोडला. उमेहारानें त्या पंधराच्या पंधराही पुढें सरून परतविल्या, आणि ती झुंज जिंकली. तिचें चित्रण पुढें जगभर पाहिलें गेलें. परंतु त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत उमेहारा हरला, हें फारच थोड्यांच्या लक्षांत आहे.

आतां या तरुणाच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी प्रथम मांडूं. त्या लहान नाहींत. पहिली, तो हरणार. आणि एक-दोन वेळां नव्हे, महिनेच्या महिने. २०२३ सालीं निघालेला 'स्ट्रीट फायटर सिक्स' जो आज शिकूं लागेल, त्याला आपल्यासारखे अनेक नवशिके सोबतीस मिळतील. जुन्या खेळांत मात्र कच्चे केव्हांच गळून गेले, आणि चाळणींत राहिले ते बहुधा पक्के. दुसरी, यांत द्रव्य नाहीं आणि चार लोकांत सांगण्याजोगा लौकिकही नाहीं. तिसरी, खेळांतच अन्याय आहे : चुन-ली, युन आणि केन हे बलिष्ठ, तर शॉन, ट्वेल्व्ह हे दुबळे, आणि हें आतां कोणी दुरुस्त करणार नाहीं. चौथी, आणि आमच्या मतें सर्वांत वजनदार, ही कीं तारुण्याच्या घटका मोजक्या असतात, आणि येथें घालविलेली घटका दुसऱ्या कशांतून तरी काढलेली असते.

तिसऱ्या आक्षेपापासून आरंभ करूं. कारण तो उलटाही लागू पडतो. नव्या खेळांचे नियम त्यांचे मालक वेळोवेळीं बदलीत असतात. यंदा हातानें कमावलेली युक्ति पुढच्या वर्षीं रद्द होऊं शकते. जुना खेळ ठरून गेला आहे. त्यांत आज शिकलेलें दहा वर्षांनींही खरें राहील. आणि अन्यायाविषयीं म्हणाल, तर तो सर्वांस ठाऊक आहे. जो शॉनला निवडतो तो जाणूनबुजून निवडतो. हरल्यावर नियमांस दोष देण्याची सोय त्याला उरत नाहीं.

पहिला आक्षेप अधिक खोल आहे. उशीर झाला, असें म्हणतांना आपण मनांत एक शर्यत धरलेली असते. ज्याला पहिलें पोंचावयाचें आहे त्यालाच उशीर होतो. संस्कृत आरंभणारा मनुष्य पाणिनीला मागें टाकण्याच्या आशेनें आरंभीत नाहीं. यावर कोणी म्हणेल, पाणिनि समोर बसून रोज दहा वेळां पाडीत नाहीं. येथला जुना खेळाडू पाडतो. हें अगदीं खरें, आणि म्हणूनच गोडगोड उपदेश येथें कामाचा नाहीं. पराभवानें मनुष्य शिकतो असें आपण सरसकट बोलतों. पण जो मार कोठून आला हेंच कळलें नाहीं, त्यांतून कोणी कांहीं शिकत नाहीं. तो केवळ खचतो. तालमींत नव्या पोराला वस्तादाशीं एकदम भिडवीत नाहींत. त्याच्याहून थोड्या वरचढ गड्याशीं धरवितात. तेव्हां खरा प्रश्न 'उशीर झाला काय' हा नसून 'तसा गडी मिळेल काय' हा आहे.

पूर्वीं तो यंत्रापाशींच मिळे. लोक रांगेंत उभे राहत. हरलेला बाजूस होऊन जिंकणाऱ्याचे हात पाही. तीं खेळघरें आतां बहुतेक गेलीं, जपानांतही कमी झालीं. परंतु इव्होच्या संस्थापकांपैकीं टोनी कॅनन यानें २००६ च्या सुमारास दूरदूरच्या दोघांना जुने खेळ खेळतां यावे म्हणून एक युक्ति काढली : यंत्र दूरच्या खेळाडूच्या पुढच्या हालचालीचा अंदाज बांधून खेळ पुढें नेतें, आणि अंदाज चुकला तर क्षणार्धांत मागें जाऊन हिशेब पुन्हा मांडतें. अंतर यानें नाहींसें होत नाहीं, पण सोसवतें. कॅपकॉमनेंही २०१८ सालीं हा खेळ एका संग्रहांत पुन्हा विक्रीस आणला. म्हणजे गडी घरबसल्या शोधतां येतो. मात्र शोधावा लागतो.

येथें मुरलेल्यांसही एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. जो आपल्या दारीं आलेल्या नवख्याला दहादां लोळवून एक शब्द न बोलतां निघून जातो, तो आपल्याच खेळाचें दार लावून घेत असतो. यंत्रें दुरुस्त करतां येतात, खेळ नव्या पडद्यावर आणतां येतो. पण मागाहून येणारा मनुष्य कारखान्यांत करतां येत नाहीं. ज्या विद्येला उशिरा येणारे उरले नाहींत, ती शेवटच्या जाणत्याबरोबर जाते. तेव्हां उशिरा येणारा हा कांहीं भिक्षेकरी नव्हे. जुन्यांना आपापसांत कितीही खेळून जी वस्तु मिळणार नाहीं, ती तो घेऊन येतो. आमच्या तरुण आप्ताला हें अजून उमगलेलें नव्हतें. तो आपण काय मिळविणार याचाच हिशेब करीत होता.

राहिला वेळेचा आक्षेप. त्याचें खंडन आम्ही करीत नाहीं. त्याला मर्यादा घालतों. आम्हीं त्याला सांगितलें तें असें : आठवड्यांतल्या दोन संध्याकाळ, त्याहून अधिक नव्हे. एकच मल्ल निवड. तुझ्याहून थोडा वरचढ असा एक सोबती शोध. सहा महिने जय मोजूं नकोस. प्रत्येक हारीनंतर आपण कां हरलों तें एका वाक्यांत लिहून ठेव. सहा महिन्यांनीं तीं वाक्यें पूर्वींहून निराळीं झालीं असतील तर पुढें चाल. तींच तीं राहिलीं असतील, किंवा संध्याकाळीं दोनाच्या चार झाल्या असतील, तर सोडून दे.

"आणि सोडलें तर इतके दिवस फुकट गेले म्हणावयाचें?" त्यानें विचारलें. आम्हीं त्यास उमेहाराचीच हकीकत सांगितली. पोमोनाच्या त्या झुंजीनंतर त्यानें हे खेळ सोडले होते. कांहीं काळ वृद्धांची शुश्रूषा करण्याची नोकरी केली, आणि पुढें तो पुन्हा खेळाकडे परतला. सोडणें आणि परतणें यांत लाज वाटण्याजोगें त्याला कांहीं वाटलें नसावें. मग ज्यानें अजून दांडीस हातही लावलेला नाहीं, त्यानें एवढें कां भ्यावें?

त्यानें आमचें म्हणणें ऐकून घेतलें आणि मल्ल कोणता निवडावा असें विचारलें. तें मात्र आम्हांस सांगतां आलें नाहीं.