नाठाळ घोड्याचे काय करायचे?

खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ ची. दिवस मावळला तेव्हा काहीच ठरलेले नव्हते. रात्री मराठ्यांची एक लहान तुकडी घोड्यांना पाणी पाजायला ओढा शोधत निघाली आणि नेमकी निजामाच्या माणसांपुढे जाऊन उभी राहिली. अंधारात गोळ्या सुटल्या. मागच्या फौजेला वाटले, मोठा हल्ला आला. आणि एवढी थोरली सेना उधळली. निजाम अलीने खर्ड्याचा किल्ला गाठला, तिथे कोंडला गेला आणि काही दिवसांत तहाला राजी झाला. ही हकिकत इतिहासकार ग्रँट डफची. मराठीत या प्रकाराला खास घोड्यांचा शब्द आहे: बुजणे. त्या रात्री बुजली ती माणसे. तहानलेल्या घोड्यांचे पुढे काय झाले, याची चौकशी कोणी केलेली दिसत नाही.

वास्तविक त्या मैदानावरची निम्मी अक्कल घोड्यांकडेच होती. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदाराचा स्वतःचा असे. तो मेला की शिलेदाराची भाकरीच गेली. त्यामुळे कोणत्या जनावराचा स्वभाव कसा, हे ओळखणे हा हौसेचा विषय नव्हता, पोटाचा होता. गरीब, तापट, बुजरा, अडेल, खोडीचा, नाठाळ अशी घोड्यांची वर्णने मराठीत सहज होतात, आणि गंमत म्हणजे यातला एकही शब्द माणसाला लावताना बदलावा लागत नाही. घोडा फेरून तयार करणारा तो चाबूकस्वार. या नावातच एक उत्तर दडलेले आहे, आणि ते तितकेसे सुखाचे नाही.

प्रश्न जुना आहे. शिकवून स्वभाव बदलतो का? आणि नाहीच बदलला, तर त्या जिवाचे आपण काय देणे लागतो?

‘स्वभावाला औषध नाही’ असे म्हणून गावातली माणसे विषय संपवतात. गीतेचा तिसरा अध्यायही वरवर तेच सांगतो: ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, तिथे निग्रह काय करणार? हा श्लोक एकटा वाचला तर चाबूकस्वाराने धंदाच बंद करावा. पण लगेच पुढचा श्लोक बजावतो की आवडीनिवडीच्या ताब्यात जाऊ नकोस. म्हणजे प्रकृती मोडू नये आणि तिच्या मागे फरफटतही जाऊ नये. घोड्याच्या पाठीवर बसलेल्याला हे भाष्यावाचून कळते.

पाली ग्रंथांत, अंगुत्तर निकायात, केशी नावाच्या अश्वशिक्षकाची गोष्ट येते. बुद्ध त्याला विचारतात, घोडे कसे शिकवतोस? केशी म्हणतो, काहींना गोडीने, काहींना कठोरपणे, काहींना दोन्ही तऱ्हांनी. आणि तिन्ही उपायांना न जुमानणाऱ्याला? त्याला मारून टाकतो. कारणही तो सांगून टाकतो: माझ्या गुरुघराण्याला कमीपणा येऊ नये म्हणून. मग तो बुद्धांना उलट विचारतो, तुम्ही माणसांना कसे शिकवता? बुद्ध तीच चार उत्तरे देतात. केशी चकित होतो. तथागत हत्या करतात? खुलासा असा की जो कशानेच शिकत नाही त्याला उपदेश करणे तथागत सोडून देतात, आणि त्यांच्या मार्गात हीच हत्या.

या गोष्टीत सगळ्यात खरे वाटते ते केशीचे कारण. घोडा मरतो तो नाठाळपणामुळे नव्हे, शिकवणाऱ्याच्या अब्रूपायी. कठोपनिषदातला रथ या ठिकाणी आठवावा. तिथे इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी सारथी. आणि घोडे दुष्ट होतात ते ज्याला जाण नाही, ज्याचे मन आवरलेले नाही, त्याचे. दोष आधी वर बसलेल्याकडे जातो. कीर्तनात हा दृष्टान्त बहुधा घोड्यांना दोष देऊनच सांगितला जातो, हा सारथ्याचा सोयीस्कर अर्थ म्हणायचा.

आजच्या ड्रेसेज या खेळात हा वाद रोजच्या सरावात भेटतो. ६० मीटर लांब, २० मीटर रुंद रिंगणात घोड्याने कदम, दुडकी, दौड आणि जागच्या जागी दुडकीसारखी कसबे दाखवायची, आणि तीही आपणहून केल्यासारखी. तापट घोड्याला मोठ्या वर्तुळात शांतपणे फिरवत ठेवतात, चाल पुन्हा पुन्हा बदलायला लावतात, म्हणजे त्याचे लक्ष स्वाराकडे राहते. सुस्त घोड्याला सतत टाचा मारल्या तर तो आणखी बधिर होतो. त्याला एकच स्पष्ट इशारा द्यायचा आणि घोड्याने उत्तर देताच पाय सैल सोडायचा. शिकवतो तो दाब नव्हे, दाबातून मिळालेली सुटका. २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने या प्रकारात सांघिक सुवर्ण मिळवले, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता, इंदूरची सुदीप्ती हजेला होती. पण दुसरी बाजूही आहे. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेल्या ब्रिटनच्या शार्लट दुजार्डिनला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर माघार घ्यावी लागली. शिकवताना घोड्याच्या पायांवर चाबूक ओढत असल्याची तिची जुनी चित्रफीत बाहेर आली होती. पुढे वर्षाची बंदी लागली. केशीचे गुरुघराणे गेले, पदकतालिका आली.

महाभारतात याला एक उतारा आहे. द्रोणपर्वात, जयद्रथवधाच्या दिवशी, अर्जुनाचे पांढरे घोडे थकतात. भर रणात कृष्ण रथ सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, अंग चोळतो, पाणी पाजतो, मग पुन्हा जुंपतो. निग्रह काय करणार, असे विचारणारा हाच. एरवी मोतद्दाराचे ठरलेले हे काम त्याने सूर्यास्ताची मुदत डोक्यावर असताना केले.

वारीत हे सगळे डोळ्यांनी पाहता येते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढचे दोन घोडे बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. टाळ-मृदंग, लाखोंची गर्दी, त्यात बुजरे जनावर एक क्षण टिकणार नाही. एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी. तिथे माउली आहेत, अशी श्रद्धा. रिंगणात तोही धावतो आणि त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळाला लावतात. अंकली ते आळंदी ही वाट हे दोन्ही घोडे दरवर्षी पायीच येतात.