पुरावा कुणी द्यायचा?

‘आम्ही फक्त प्रश्न विचारला!’ मला सर्वांत जास्त चीड येते ती या वाक्याची. ‘तुम्ही देशासाठी काय केलंत?’ असं चारचौघांत एखाद्याच्या तोंडावर फेकायचं आणि तो दुखावला की हात झटकायचे.

हा प्रश्न कुठवर जातो ते ब्रिटनने पहिल्या महायुद्धात पाहिलं. ऑगस्ट १९१४ मध्ये फोकस्टनला ॲडमिरल चार्ल्स पेनरोज फिट्झजेराल्ड यांनी ३० बायका जमवल्या. गणवेश नसलेला तरुण दिसला की भ्याडपणाची खूण म्हणून त्याला पांढरं पीस द्यायचं. हे लोण देशभर पसरलं आणि त्यात जहाजं बांधणारे कामगारही सापडले. अखेर १९१४ सरता सरता नौदल खात्याने त्यांना कोटाला लावायचा बिल्ला दिला. समोर ‘ऑन वॉर सर्व्हिस’ ही अक्षरं, मागे क्रमांक.

क्लाइड नदीकाठच्या गोद्यांत एकेका रिव्हेटमागे टोळी राबे. पोऱ्या भट्टीत रिव्हेट लालबुंद करी, तो भोकात बसला की एकजण मागून रेटून धरी आणि पुढून दोघे आळीपाळीने घण घालत. त्या दणदणाटाने माणसं बहिरी होत. अशा माणसाला घरी जाताना भर रस्त्यात आपल्या इमानाचा पुरावा दाखवावा लागे!

म्हणे, फक्त विचारलं! ज्याला खरंच विचारायचं असतं, तो उत्तरासाठी थांबतो. पीस घेऊन निघालेलीने उत्तर घरीच ठरवलेलं होतं. विचारायचंच होतं तर बाजूला घेऊन विचारता आलं असतं. त्यासाठी गर्दी कशाला लागते? रजेवर आलेल्या, जखमी होऊन घरी परतलेल्या सैनिकांच्या हातातही पिसं पडली. १९१६ मध्ये सेवामुक्त सैनिकांसाठी चांदीचा वेगळा बिल्ला काढावा लागला. साध्या प्रश्नावर कुठलं सरकार बिल्ले पाडत बसत नाही. प्रश्नचिन्ह लावलं म्हणून आरोपाचा प्रश्न होत नाही.

काळ युद्धाचा होता, भावना तीव्र होत्या, असंही सांगतात. असतील.

बिल्ल्याने प्रश्न मिटला का? ज्याच्या कोटावर बिल्ला नाही, तो आणखी उघडा पडला. कारखानदार आपापले बिल्ले वाटू लागले आणि १९१५ च्या दारूगोळा कायद्यात बिल्ल्यांचेही नियम घालावे लागले. छातीवर मिरवायच्या निष्ठेवर माझा विश्वास नाही तो यासाठीच. एकाने ती लावली की उरलेल्यांवर आपोआप संशय येतो.

गोदीच्या फाटकावर ओळख जरूर मागावी. पहारेकऱ्याचं ते कामच आहे. रस्त्यावर मात्र कुणी कुणाला पहारेकरी नेमलेलं नाही. संशय ज्याचा, पुरावा त्याने द्यावा. राबणाऱ्याने कशाला द्यायचा?

अर्थात, विचारणारे थांबतील अशी मला आशा नाही. पण आपण त्यांना खुलासे देत बसणं तर थांबवू शकतो!