सेवा करणाऱ्याचं कोण?

सप्टेंबर 1994. तापीच्या पुराचा चिखल अजून पुरता वाळला नव्हता आणि सुरतेच्या वेड रोड, कतारगाम भागात तापाने फणफणलेली, खोकल्यातून रक्त पडणारी माणसं दगावू लागली. प्लेगची बातमी पसरली तशी लाखो माणसांनी सुरत सोडली. खानदेशातले कामगार मिळेल त्या गाडीने नंदुरबार-जळगावकडे निघाले. पळणाऱ्यांत खासगी डॉक्टरही मोठ्या संख्येने होते. सरकारी न्यू सिव्हिल हॉस्पिटलात मात्र निवासी डॉक्टर आणि सिस्टर्स वॉर्डात उभे होते. त्या वॉर्डातून रुग्णच पळून जात होते, ही आणखी वेगळी तऱ्हा.

पळालेल्या डॉक्टरांवर टीकेची झोड उठली, आणि ती गैर होती असं म्हणवत नाही. पण त्या गदारोळात एक प्रश्न मागे पडला. परक्या माणसासाठी जीव धोक्यात घाल, असं कुणाला सांगण्याचा अधिकार कोणाचा, आणि सांगणाऱ्याने त्या बदल्यात काय द्यायचं? राहिले ते थोर, गेले ते भित्रे, असा निवाडा दिला की राहिलेल्यांना मास्क कुणी पुरवले, त्यांच्या जेवणाची आणि झोपेची काळजी कुणी घेतली, हे विचारायचं कारणच उरत नाही.

मराठी माणसासमोर या बाबतीत एक फार मोठं उदाहरण आहे. 1897च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात आणलं आणि 10 मार्चला त्याच रोगाने त्या गेल्या. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. अकरा महिन्यांच्या करारावर राबणाऱ्या सिस्टरला सावित्रीबाईंचं नाव ऐकवून भत्ता मागू नकोस म्हणणं, ही निव्वळ काटकसर झाली.

करुणा ही माणसाच्या अंगची गोष्ट की संस्थेने लावून द्यायची शिस्त? बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकाच्या महावग्गात यावर एक विलक्षण प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला बुद्धांना दिसतो. इतरांनी त्याच्याकडे पाठ फिरवलेली, कारण तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून खाटेवर ठेवतात. इथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढची क्वचितच सांगितली जाते. बुद्ध संघ जमवतात आणि नियम घालून देतात: शिष्य आजारी पडला तर गुरूने बघायचं, गुरू पडला तर शिष्याने, आणि ज्याचं कुणी नाही त्याचं संघाने. न पाहिल्यास तो दोष. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी काय हवं याची यादी त्यात आहे आणि रुग्णाने कसं वागायचं याचीही. शिवाय, भिक्खू वारला तर त्याची चीवरं आणि पात्र सेवा करणाऱ्याला देण्याची मुभा आहे. ज्याच्यापाशी काहीच नसायचं, त्या समूहानेही सेवेचं मोल ठरवून ठेवलं होतं!

चरकसंहितेने उपचाराचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक, रुग्ण. परिचारकाला काम यावं, हात चपळ असावा, जिव्हाळा आणि स्वच्छता असावी, हे त्यात नेमकं आहे. त्या परिचारकाला काय मिळावं, याबद्दल मात्र त्या गुणांच्या यादीत काही नाही.

ब्रिटनमध्ये मायकेल वेस्ट यांनी करुणामय नेतृत्वाची मांडणी केली ती साधीच आहे: लक्ष द्या, समजून घ्या, दुःख जाणवू द्या, मग मदत करा. यातली शेवटची पायरी सर्वांत महाग असल्यामुळे बहुधा तीच वगळली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये ‘बर्नआउट’ला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणाशी निगडित स्थिती म्हटलं. तरीही आपल्याकडे थकलेल्या सिस्टरसाठी पहिला उपाय निघतो तो प्राणायामाच्या शिबिराचा, तोही अनेकदा तिच्या सुटीच्या दिवशी.

परळच्या केईएम रुग्णालयाची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्या सिस्टर अरुणा शानबाग तळघरात कपडे बदलत असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अचेतनावस्थेत गेल्या. त्यानंतर 18 मे 2015 रोजी त्या वारल्या तोपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं, केईएमच्या सिस्टर्सनी त्यांना सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली की दुसरी येई. महापालिकेने त्यांना तिथून हलवून खाट मोकळी करायचा दोनदा प्रयत्न केला, तोही सिस्टर्सनीच हाणून पाडला. 2011मध्ये त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अरुणाबाईंचे खरे आप्त म्हणून याच कर्मचाऱ्यांना मान्यता दिली. जगात अशी शुश्रूषा क्वचित झाली असेल. पण ती खालून आली, वरून नव्हे. वरच्यांकडून हवी होती ती फार किरकोळ गोष्ट: कपडे बदलायला आतून कडी लागणारी, वर्दळीतली खोली. 9 ऑगस्ट 2024 रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टर रात्रपाळीत विसाव्यासाठी गेली ती सेमिनार हॉलमध्ये, आणि तिथेच तिचा खून झाला. दोन्ही घटनांमध्ये अर्धं शतक आहे.

सुरतेत प्लेगनंतर, मे 1995मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांची ख्याती कडक अधिकारी अशीच. पण त्यांनी वातानुकूलित खोल्यांतले अधिकारी रोज सकाळी गल्ल्यांत उतरवले आणि सहा विभागांच्या प्रमुखांना आपले अधिकार वाटून दिले. झाडूवाल्याची अडचण फायलीत अडकण्याआधी साहेबाला समोर दिसू लागली. 1996मध्ये वारसा जतन करणाऱ्या इंटॅक या संस्थेने सुरतेला देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. गोड बोलण्याचा करुणेशी फारसा संबंध नसतो, हे रावांकडे पाहून कळतं.

तीच सुरत आता हजिरा रस्त्याने इच्छापोरच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पसरली आहे. तिथे पहाटे तीनला कुणा कामगाराचा हात यंत्रात सापडला आणि त्याला मोठ्या सरकारी रुग्णालयात आणलं, तर तो हात बहुधा एखाद्या निवासी डॉक्टरच्याच हाती येणार. त्या डॉक्टरची झोप ही त्या कामगाराचीही गरज आहे. केंद्र सरकारने 1992मध्येच निवासी डॉक्टरांसाठी सलग बारा आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा सांगितली होती, फक्त ‘कामाची निकड’ अशी फट ठेवून. 2024मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने सुधारणा म्हणून सुचवलेला आकडा आहे आठवड्याला जास्तीत जास्त 74 तास.